आर्सेनियोच्या खुर्चीमागची भिंत

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसून टाकलं. आमच्या लॉटनमध्ये, हवानाच्या या वस्तीत, कुणाच्या कुत्र्याच्या रक्ताबद्दल वाईट बोलणं म्हणजे त्याच्या आईबद्दल बोलण्यासारखं. त्यात मेलेल्यांचा विषय, म्हणजे बघायलाच नको. पण जिची ही गोष्ट आहे त्या नेरेइदानंच सांगितलं, लिही म्हणून. "फक्त मला शहाणी करून लिहू नकोस," म्हणाली. तर जशी झाली तशी सांगतो.

नेरेइदा बाकायाओ माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मागं अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि घरात हाबानेरो कुत्री. हाबानेरो म्हणजे आमच्या हवानाचंच कुत्रं. रेशमासारखे केस, मांडीवर मावेल एवढा जीव, आणि डोळे असे की समोरच्यानं उगाच माफी मागावी. नेरेइदानं पिल्लांचं दुकान कधी मांडलं नाही. वर्षाला फार तर एक वेत. पिल्लू मागायला कुणी आलं की ही आधी त्याच्या घरी जाऊन यायची. जिना बघायची, गॅलरीचा कठडा बघायची, सासू बघायची.

"पोरगी द्यायचीय का कुत्रं?" लोक चिडवायचे.

"पोरगी पटलं नाही तर परत येते," ती म्हणायची. "कुत्रं बिचारं येत नाही."

तिचा नवरा आर्सेनियो आजारी पडला तेव्हा तिनं संत लाझारोला नवस बोलला होता. लाझारो म्हणजे कुबड्या घेतलेला, जखमांनी भरलेला म्हातारा संत, ज्याच्या पायाशी दोन कुत्री असतात. नवरा वाचला तर दरवर्षी सतरा डिसेंबरला, लाझारोच्या दिवशी, घरात आधी कुत्री जेवतील. मांस जेवतील, पोटभर. मग माणसं. नवरा वाचला नाही. नवस तिनं तरी पाळला. "चुकलं असेल तर संताचं," म्हणाली, "कुत्र्यांचा काय दोष?"

एरवी कुत्र्यांना भात, उकडलेलं रताळं, नशीब असेल तर अंडं. माणसांनाच मांस दिसत नाही तिथं कुत्र्यांना कुठलं?

आर्सेनियोची झुलती खुर्ची हॉलच्या कोपऱ्यात तशीच होती. तिच्यामागं भिंतीवर एक फळी, फळीवर त्याचा फोटो आणि पाण्यानं भरलेला काचेचा पेला. मेलेल्या माणसाला तहान लागते, म्हणून. दर सोमवारी ती पाणी बदलायची. त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. शेजारीण काचासुद्धा नाही, जी कुणाच्याही घरात कुठंही बसते.

तर या लाझारोच्या दिवशी, भर दुपारी, नेरेइदानं डुकराचं मांस शिजवलं. मोता नावाची तिची कुत्री, आणि मोताची तीन पिल्लं. दोन भाऊ, रॉन आणि कोंगो, दांडगे. आणि एक बहीण, ब्रिसा. ब्रिसा लहानखुरी, शांत. भावांनी वाटीपासून ढकललं तर ढकलू द्यायची आणि मग जणू आपण जेवायला आलोच नव्हतो अशी बाजूला बसायची.

त्याच दुपारी ग्वानाबाकोआहून एवारिस्तो आला. पिल्लांचा बाप तांबोर हा त्याचा कुत्रा. आमच्यात रीत अशी की नराच्या मालकाला पैसे द्यायचे नाहीत, वेतातलं पहिलं पिल्लू त्यानं निवडायचं. एवारिस्तो सत्तरीच्या पुढचा, काठीसारखा. सोव्हिएत मदत थांबली त्या उपासमारीच्या वर्षांत लोकांनी कुत्री रस्त्यावर सोडली तेव्हा यानं स्वतःचं रताळं अर्धं करून आपली हाबानेरो जगवली होती. आज शहरात जी चांगली हाबानेरो दिसतात त्यातल्या निम्म्यांचा आजा-पणजा त्याच्या अंगणातला. लोक त्याला बघून टोपी काढतात ते उगाच नाही.

"कुठाय माझी सून?" दारातूनच तो ओरडला.

"आधी कॉफी घ्या, मग सुना बघा," नेरेइदा म्हणाली.

"कॉफीत वाटाणे भाजून घातलेस की खरी आहे?"

"तुमच्यासाठी वाटाणेच. खरी पाहुण्यांना."

पिल्लं जेवून अंगणात लोळत होती. एवारिस्तोनं एकेकाला उचललं, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. रॉननं त्याच्या मिशा ओढल्या. ब्रिसा मात्र त्याच्या तळव्यात तशीच बसून राहिली.

"ही," तो म्हणाला. "ही माझी. बघ कशी बसलीय, बिशपसारखी. हे जुन्या रक्ताचं लक्षण. आताची कुत्री म्हणजे नुसती बाजारातली पोरं."

काचा तिथंच होती, कोपराला कोपर लावून. "निवडलं बाई म्हाताऱ्यानं. लग्नाच्या वेळी असं निवडलं असतंस तर?"

"लग्नात मला निवडलं होतं," एवारिस्तो म्हणाला. "तिथंच तर घोळ झाला."

हसणं चाललं होतं, आणि ब्रिसा उठली.

ती सरळ हॉलमध्ये गेली. चालताना तिचे मागचे पाय थोडे फाकत होते. खुर्चीखालून गेली आणि कोपऱ्यातल्या भिंतीशी थांबली. मग तिनं कपाळ भिंतीला टेकवलं आणि दाबलं. दार उघडायचंय आणि कडी सापडत नाही, असं. नेरेइदानं हाक मारली. कान हलला नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. वर फळीवर आर्सेनियोचा फोटो, पेला, आणि खाली हे एवढंसं जनावर भिंतीत शिरायला बघतंय.

"आलाय," काचा हळूच म्हणाली. "आर्सेनियो आलाय. लाझारोचा दिवस ना."

एवारिस्तोनं छातीवर क्रुसाची खूण केली. नेरेइदाच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो भीतीचा नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं. कुणीतरी खूप दिवसांनी घरी आलंय आणि आपण केसही विंचरले नाहीत, तसलं काहीतरी होतं. तिनं स्वयंपाकघरातून दुसरा पेला आणला, पाणी भरलं आणि ब्रिसाच्या शेजारी जमिनीवर ठेवला.

"पी रे," ती म्हणाली. कुत्र्याला नव्हे.

संध्याकाळपर्यंत ब्रिसा भिंतीपासून सुटली. सकाळी भात खाऊन शेपटी हलवत होती. एवारिस्तो तर उलट खूश होऊन गेला होता. "मेलेल्यांना दिसणारं कुत्रं! असं माझ्याकडे पूर्वीही होतं. नवीन वर्षात येतो न्यायला."

नेरेइदाही खूश राहिली असती. पण तिला लुसेरो आठवला.

लुसेरो मोताच्या बहिणीचं पिल्लू. काही वर्षांपूर्वी तोही लाझारोच्या दिवशीच भिंतीशी उभा राहिला होता, याच कोपऱ्यात. त्याही वेळी काचा म्हणाली होती, आर्सेनियो आलाय. नेरेइदानं पेला ठेवला होता आणि घरात जे काही चांगलंचुंगलं होतं ते लुसेरोला भरवलं होतं. नवऱ्याला बघून आलेलं पोर, त्याचे लाड नको करायला? लुसेरो पुन्हापुन्हा भिंतीशी गेला आणि जानेवारीत गेला तो गेलाच. तोंडाला फेस, पाय वल्ह्यासारखे चालत. आर्सेनियोनं त्याला सोबतीला नेलं असं सगळे म्हणाले. तिनंही तेच म्हटलं. पेरूखाली पुरलं, वर पेला ठेवला. दिवसाउजेडी कपडे वाळत घालताना तो पेला पायाला लागायचा, आणि तिला बरं वाटायचं.

आता मात्र बरं वाटेना. ती ब्रिसावर डोळा ठेवून राहिली. भात-रताळ्यावर पोरगी ठीक होती. शांत, पण ठीक. मग एका मंगळवारी तिच्या मायामीतल्या भाचीनं पाठवलेल्या पिशवीत मांसाचा डबा निघाला. नेरेइदानं चौघांना थोडं थोडं वाटलं. ना सण ना नवस. जेवणं झाली आणि ती कपडे शिवायला बसली.

थोड्या वेळानं खुर्चीमागून तो आवाज आला. नखं फरशीवर घसरल्याचा.

मंगळवारी कुठला मेला येतो?

ती उठली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. आर्सेनियोच्या खुर्चीत बसली. खुर्ची करकरली. खाली वाकून तिनं ब्रिसाचं तोंड भिंतीपासून आपल्याकडे वळवलं. ब्रिसानं चार पावलं टाकली, तिच्या नडगीला कपाळ टेकवलं आणि दाबायला लागली. तेवढ्याच जोरानं, भिंतीला दाबते तसं. नेरेइदानं तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला. डोळे उघडे होते आणि त्यांत कुणीच नव्हतं. बाई नाही, भिंत नाही, आर्सेनियो नाही.

"माझ्याच पायाला लागली होती ती," नेरेइदा मला म्हणाली, "आणि मी तिच्यासाठी तिथं नव्हते. तेव्हा कळलं, तोही नव्हता."

त्या क्षणाला तिनं दोन गोष्टी एकदम गमावल्या, नवऱ्याचं येणं आणि आपल्या कुत्र्यांच्या रक्तावरचा विश्वास, आणि रडावं कुणासाठी हेच तिला समजेना. मनातून ती घोकत होती, मेलेल्यांचंच असू दे, रक्ताचं नको. मेलेला माणूस येतो आणि जातो. रक्त कुठं जातंय?

डॉक्टर इदालमिसनं सगळं ऐकून घेतलं. जनावरांची डॉक्टर, वयानं नेरेइदाच्या मुलीसारखी, हातावर सगळीकडे ओरखडे.

"पोटातून निघालेलं रक्त आधी लिव्हरमध्ये जायला हवं," ती म्हणाली. "तिथं ते गाळलं जातं. काही पिल्लांमध्ये एक नस आडवाट काढते. रक्त न गाळताच पुढं जातं आणि डोक्यात चढतं. दारू चढल्यासारखं. मांस जेवढं जास्त तेवढं विष जास्त."

"आणि भात-रताळ्यावर?"

"त्यावर झाकून राहतं. वर्षानुवर्षं राहील."

म्हणजे गरिबीनं झाकलेलं तिचा नवस उघडं करत होता. आणि ती दोन्ही वेळा त्यावर पेला ठेवत आली होती.

"हे येतं कुठून?"

"हाबानेरोमध्ये दिसतं हे. बहुतेक आई-बाप दोघांकडून येतं. ते स्वतः ठणठणीत असतात, त्यांना काहीच होत नाही. पण खात्री करून कुणी देणार नाही, नेरेइदा. आधी रक्त बघू. उपाशीपोटी एकदा, जेवल्यावर एकदा. तिन्ही पिल्लांचं."

रक्त बर्फात ठेवून ताबडतोब पोचवायचं होतं आणि त्या दिवशी अख्ख्या भागात लाइट नव्हती. बर्फ कुठून आणायचा? नाक्यावर एक बाई पेल्यात गोठवलेलं सरबत विकते, दुरोफ्रियो. तिच्या डब्यात तेवढा गारवा शिल्लक होता. रक्ताच्या नळ्या दोन गुलाबी दुरोफ्रियोंच्या मधे बसून, स्ट्रॉबेरीचा वास घेऊन तपासणीला पोचल्या. पण त्याआधी, दुसऱ्या रक्तासाठी, नेरेइदाला ब्रिसाला स्वतःच्या हातानं मांस भरवावं लागलं. थोडंसंच. ब्रिसानं तिची बोटं चाटली. त्या चाटण्याची आठवण निघाली की नेरेइदा आजही विषय बदलते.

रॉन चांगला निघाला. ब्रिसाचं वाईट. कोंगोचंही. दांडग्या कोंगोचं, ज्याला कधी काहीच झालं नव्हतं.

काचाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "तू कुणाला बोलणार नाहीस, कळलं? म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. तांबोर आहे म्हणून तो सकाळी उठतो. आणि तुझी मोता? तुझं नाव? एवढ्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही."

"मग काय सांगू?"

"मेलेल्यांवर ढकल. मेले काही भांडायला येत नाहीत."

नेरेइदानं सल्ला लगेच झटकला असं नाही. खोटं कशाला लिहू? कितीतरी दिवस तिनं तो जिभेखाली धरून ठेवला. एवारिस्तोनं ब्रिसा नेली असती तर तो तिला भात-रताळंच घालणार होता. झाकलं राहिलं असतं. पण तांबोर आणखी कुत्र्यांना लावायचा ठरला होता, आणि त्या कुत्र्याही मोताच्याच, नाहीतर तांबोरच्याच रक्ताच्या. कपडे शिवता शिवता तिला नखांचा आवाज यायचा. ती उठून बघायची. ब्रिसा गाढ झोपलेली असायची, कोपरा रिकामा. तो आवाज दुसऱ्या घरांमधून येतोय, अजून जन्मायच्या पिल्लांचा येतोय, असं तिला वाटायला लागलं. शेवटी एका सकाळी तिनं ब्रिसाला पिशवीत घातलं आणि ग्वानाबाकोआची बस धरली.

एवारिस्तो अंगणात तांबोरचे केस विंचरत होता. तिला बघून फुलला. "आणलीस सून! मी येणारच होतो की."

"आणली नाही, एवारिस्तो. दाखवायला आलेय."

तिनं सगळं सांगितलं. आडवाट काढलेली नस, दोनदा काढलेलं रक्त, आई-बाप दोघं. तो विंचरत राहिला. कंगवा एकाच जागी फिरत होता.

"डॉक्टरणीचं वय काय?"

"वयाचा काय संबंध?"

"तिच्या जन्माआधीपासून मी कुत्री पाळतोय. तांबोरला कधी शिंक आली नाही. बघ, बघ त्याच्याकडे! तुझ्या मोताचं असेल."

"मोताचं आहेच. दोघांचं आहे. मी मोताचं ऑपरेशन करून घेतेय. तिला पिल्लं नाहीत आता."

"मग कर ना! माझ्या दारात का आलीस?" तो उभा राहिला. "उपासमारीत मी यांच्यासाठी काय काय केलं माहितीय तुला? बायकोचं ताट अर्धं करून यांना घातलंय मी. बायकोचं! आणि तू मला रक्त शिकवतेस?"

तो तणतणत आत गेला आणि वाटी घेऊन आला. शेजाऱ्यानं दिलेलं कोंबडीचं मांस, दोन तुकडे. घरात असलेलं बहुधा तेवढंच.

"पोर उपाशी ठेवलीस नुसती. म्हणून चक्कर येते तिला. ये गं, ब्रिसा, ये राणी."

ब्रिसा पिशवीतून निघून धावली. एवारिस्तोचा हात तिच्या तोंडापर्यंत गेला आणि नेरेइदानं त्याचं मनगट पकडलं. घट्ट. म्हातारं हाड तिच्या मुठीत लागलं.

"देऊ नका."

"सोड."

"एवारिस्तो, मी हे माझ्या हातानं भरवलंय तिला. पुन्हा नाही बघवणार मला."

हवानात कुत्र्याच्या तोंडचं मांस काढून घेणारी बाई त्यानं आयुष्यात बघितली नसावी. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची मूठ सैल पडली. तांबोरनं खाली पडलेले तुकडे गिळले, ओठ चाटले आणि ठणठणीत उभा राहिला.

मग एवारिस्तो म्हणाला, "आत ये."

आतल्या खोलीत दिवसाही अंधार. एका भिंतीला लांबलचक फळी, आणि फळीवर पेलेच पेले. काही भरलेले, काही आटून तळाशी पांढरी रेघ उरलेले. नेरेइदाला वाटलं, किती माणसं गेली याची.

"ही बायको," त्यानं एका पेल्याला बोट लावलं. "ही आई. हा भाऊ." बोट तिथं थांबलं. पुढं अजून पेले होते, फळीच्या टोकापर्यंत. "उपासमार संपली, थोडंफार मांस दिसायला लागलं, तेव्हा मेलेले यायला लागले. पिल्लू भिंतीशी उभं राहायचं. मी विचारायचो, कोण आलंय? कोण आलंय, सांग. कुणीतरी असणारच ना. मग मी पेला ठेवायचो. कुणाचा ते माहीत नसायचं."

नेरेइदानं भिंत बघितली. कुत्र्याच्या उंचीवर, फळीच्या खाली, चुना घासून गुळगुळीत झाला होता. छोट्या छोट्या कपाळांनी.

"म्हणजे कुणीच आलं नव्हतं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा. "बायकोसुद्धा?"

खोटं बोलायला यापेक्षा सोपी जागा तिला मिळाली नसती.

"नाही," ती म्हणाली. "आर्सेनियोही आला नव्हता."

तो खाटेवर बसला. ब्रिसा त्याच्या पायाशी येऊन बसली, बिशपसारखी. त्यानं तिला उचललं नाही, पण पायही काढून घेतला नाही.

"तांबोरला आता लावायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "माझ्या तोंडून ऐकतील लोक. तू सांगू नकोस. तुझं ऐकलं तर म्हणतील बाई जळते. मी सांगतो." आणि मग, "एवढी जगवली गं मी."

"तुम्ही जगवली म्हणून तर माझ्याकडे आहेत."

"नुसतं भिंतीकडे चालायला."

नेरेइदानं ब्रिसाला उचलून पिशवीत ठेवलं.

त्यानं सांगितलं, खरंच सांगितलं. पुढच्या कित्येक रविवारी दोघं घरोघर गेले, त्यांची पिल्लं जिथं जिथं होती तिथं. काहींनी कॉफी दिली. काहींनी दार लावलं. एका बाईनं एवारिस्तोच्या तोंडावर म्हटलं, म्हाताऱ्या, तुझं डोकं फिरलं. आणि एका घरात कोपऱ्यात जमिनीवर पाण्यानं भरलेला पेला होता.

कोंगो डॉक्टर इदालमिसच्या बहिणीकडे गेला. रॉन नेरेइदाकडेच राहिला. त्याचंही ऑपरेशन झालं, तो चांगला निघाला असला तरी. न जाणो, ती म्हणाली. ब्रिसाला घरात ठेवणं तिला जमेना. पोरगी नुसती कोपऱ्यावरून गेली तरी हिच्या हातातली सुई थांबायची. म्हणून मागच्या आठवड्यात ती जिना चढून वर आली, माझी गॅलरी बघितली, कठडा हलवून बघितला आणि ब्रिसाला माझ्या बिछान्यावर ठेवलं.

"भात, रताळं, थोडं दही, अंड्यातलं पांढरं," ती म्हणाली. "औषध डॉक्टर सांगेल तसं. कळलं?"

"कळलं, मावशी."

"लाझारोच्या दिवशीही."

"लाझारोच्या दिवशीही."

ती जायला वळली आणि दारात थांबली. खाली तिच्या हॉलमध्ये आर्सेनियोचा पेला अजून भरलेला असतो, मला माहीत आहे. सोमवारी मी पाणी ओतल्याचा आवाज ऐकतो.

"आणि ती भिंतीशी उभी राहिली तर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पेला ठेवणार नाही. कोण आलंय विचारणार नाही. उचलून छातीशी धरीन आणि पळत डॉक्टरकडे जाईन. वचन देतो तुला, मावशी."